वही कुणाकडं आहे?

सोमवारी साडेनऊला ऑफिस उघडलं की माझं पहिलं काम मेल बघणं. चहा त्यानंतर. बेळगावला उद्यमबागेत आमचं हायड्रॉलिक सिलिंडरचं वर्कशॉप आहे. शनिवार संध्याकाळपासून रविवारभर पुणे, कोल्हापूर, राजकोटची गिऱ्हाइकं ड्रॉइंग, पर्चेस ऑर्डर, तक्रारी असं काही ना काही टाकत असतात, त्यामुळं सोमवारी पंधरा-वीस मेल तरी ठरलेलेच. त्या सोमवारी तीन होते, आणि तिन्ही शनिवारी रात्रीचे. खरं सांगायचं तर मला आधी बरंच वाटलं. जूनचा पाऊस लागला होता, लोक निवांत असतील म्हटलं.

दहाला शिरोली एमआयडीसीतून फोन आला. "मॅडम, तुम्हाला टाकलेला मेल परत यायला लागलाय. दोनदा पाठवला. असा आयडीच नाही म्हणतंय." त्यांनी व्हॉट्सअॅपवर फोटो धाडला. इंग्रजीत चार ओळी, त्यात ५५० हा आकडा, आणि पुढं असा वापरकर्ता इथं नाही अशा अर्थाचं काहीतरी. चौदा वर्षं मी त्या आयडीवर बसलेय. नाही म्हणजे काय?

मालकांना मी काका म्हणते. त्यांना लगेच एक मेल टाकून बघितला. पोचला. त्यांनी उत्तर दिलं, तेही आलं. म्हणजे आमचं ठीक आहे, शिरोलीवाल्यांचंच काहीतरी बिघडलंय, असं मी ठरवून टाकलं आणि त्यातच पाऊण तास गेला. एकाच सेवेतल्या दोन पेट्यांमधला मेल बाहेर पडतच नाही, तो आतल्या आत एका कप्प्यातून दुसऱ्यात जातो, हे मला त्या दिवशी दुपारी कळलं. घरातल्या घरात हाक मारून रस्ता सुरू आहे का बघण्यातला प्रकार. तोवर पुण्याहून दुसरा फोन आला आणि माझी खात्री पटली की बिघाड आपल्याकडंच आहे.

काका सिलिंडरच्या ट्यूबचं माप घेत होते, तसेच हात पुसत आले. शनिवारी काय काय केलं ते मी सांगितलं. नवी वेबसाइट चालू केली, एवढंच. ते म्हणाले, "वेबसाइट बदलली तर मेल का बंद पडायचं ताई? दुकानाचा बोर्ड बदलला म्हणून पोस्टमन परत जातोय होय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर माझ्याकडं नव्हतं.

मी संगणकातली माणूस नाही. बी.कॉम. झाले, टॅली आणि जीएसटी बघते. डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या आणि मेलच्या पत्त्यात असतं त्या नावाचं, खातं माझ्याकडं आलं ते केवळ त्याचा पासवर्ड माझ्या ड्रॉवरमधल्या वहीत होता म्हणून. २००९ साली काकांनी नाव घेतलं, त्यात गावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर शहराचं स्पेलिंग बदललं, लेटरहेड बदललं, जीएसटीच्या सर्टिफिकेटवर नवं आलं, पण डोमेन तेच राहिलं. राजकोटवाले त्याचा उच्चार 'बेलगाम' करतात. लगाम नसलेला. त्या सोमवारी ते नाव शोभून दिसलं असतं.

वेबसाइट आणि मेल पहिल्यापासून एकाच स्वस्तातल्या होस्टिंगवर होतं. एका पेटीला एक जीबी जागा. ड्रॉइंगच्या फायली यायच्या, पेटी भरायची, मग मी दर महिनाअखेरीला जुने मेल पुसत बसायची. जानेवारीत काकांनी मनावर घेतलं आणि मेल वेगळ्या, पैसे भरायच्या सेवेवर नेला. माझा पुण्याचा भाचा आयटीत आहे. त्यानं फोनवर सांगितलं, मी केलं, अर्ध्या दिवसात झालं. वेबसाइट जुन्याच जागी राहिली. जूनमध्ये तीही नवी करून घेतली. करणारा मुलगा गोकाकचा, हुशार, कामाला चोख. शनिवारी त्यानं दोन नावं पाठवली आणि म्हणाला, डोमेनच्या खात्यात जाऊन नेमसर्व्हर एवढे बदला. मी बदलले. संध्याकाळी नवी वेबसाइट झळकली, काकांनी कुंदा मागवला.

सोमवारी साडेअकराला भाच्याला फोन लावला. त्यानं एकच विचारलं, "आत्या, नेमसर्व्हर बदलायच्या आधी जुन्या ओळी नव्या जागी उतरून घेतल्या होत्या का?"

कसल्या ओळी?

त्यानं मग आमच्या माहेरच्या शेतावरून समजावलं. खानापूर तालुक्यात आमची जी थोडी जमीन आहे, तिचा धनी कोण हे एक. त्या जमिनीची नोंदवही ज्या तलाठ्याच्या दप्तरात आहे तो दुसरा. आणि त्या वहीत काय काय लिहिलंय, पीक कुठलं, बोजा कुणाचा, वाट कुठून, हे तिसरं. डोमेनचं तसंच. ज्याच्याकडं नाव नोंदवलं आणि वर्षाला पैसे भरतो तो रजिस्ट्रार. नेमसर्व्हर म्हणजे वही सांभाळणारा तलाठी. नावांच्या या सगळ्या नोंदपद्धतीला डीएनएस म्हणतात, आणि वहीतल्या ओळी म्हणजे डीएनएस रेकॉर्ड. ए रेकॉर्ड सांगतो वेबसाइट कुठल्या सर्व्हरवर आहे. एमएक्स रेकॉर्ड सांगतो मेल कुठं टाकायचा. टीएक्सटी रेकॉर्डमध्ये पुराव्याच्या गोष्टी असतात. वेबसाइट एकीकडं आणि मेल दुसरीकडं ठेवता येतो तो याचमुळं, दोघांच्या ओळीच वेगळ्या.

"मग वेबसाइट हलवायला काय लागत होतं?"

"फक्त ए रेकॉर्डची एक ओळ बदलायची. तू आख्खा तलाठीच बदललास."

नव्या तलाठ्याकडं कोरी वही होती. गोकाकच्या मुलानं तिच्यात त्याच्या कामापुरत्या ओळी लिहिल्या होत्या, वेबसाइटचा पत्ता आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाला पत्ता. एमएक्सची ओळच नव्हती. आता एमएक्स नसेल तर मेल अधांतरी राहावा की नाही? तसं होत नाही. १९८६ साली एमएक्सची पद्धत आली तेव्हापासून नियम असा की एमएक्स मिळाला नाही, तर पाठवणाऱ्यानं ए रेकॉर्डवरच्या सर्व्हरचं दार वाजवावं. त्यामुळं शिरोलीचा मेल सरळ आमच्या वेबसाइटच्या सर्व्हरवर जाऊन थडकला. त्या बिचाऱ्याकडं माझ्या नावाची पेटी नव्हतीच. त्यानं खरं तेच सांगितलं, असा वापरकर्ता इथं नाही. सर्व्हर बंद असता तर बरं झालं असतं, असं भाचा म्हणाला. मेल पाठवणारे सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. पण ५५० म्हणजे कायमचा नकार, मग ते हात झटकून मोकळे होतात.

आणि शनिवारी रात्रीचे ते तीन मेल? ज्यांच्या इंटरनेटवाल्यांकडं जुन्या वहीतलं उत्तर अजून साठवलेलं होतं त्यांचे ते मेल होते.

हे ऐकून मी म्हटलं, मग जुने नेमसर्व्हर परत घालते, प्रश्न मिटला. रजिस्ट्रारच्या खात्यात शिरायला गेले तर ओटीपी पाठवलाय म्हणून आलं. कुठं पाठवलाय? माझ्या ऑफिसच्या मेलवर. जो बंद आहे. कुलपाची किल्ली कपाटात, आणि त्याच कपाटाला ते कुलूप. भाचा तिकडून हसला. मला रडायचं बाकी होतं.

राहिला दुसरा रस्ता, नव्या वहीतच ओळी लिहिण्याचा. त्या वहीचं पॅनेल गोकाकच्या मुलाकडं. तो गावच्या यात्रेला गेलेला, फोन उचलेना. सहा-सात वेळा लावला. दरम्यान पुण्याच्या गिऱ्हाइकाला मी माझा खासगी आयडी दिला, काका येरझाऱ्या घालत होते, आणि मोटर जोडायला आलेला माणूस कारण नसताना ओरडा खाऊन गेला. पाऊण वाजता एकदाचा फोन लागला. मागं हलग्यांचा कडकडाट.

"मेल बंदिल्लप्पा," मी म्हटलं. मेल येईनात रे.

"हौदा री? वेबसाइट चलो नडदैती अल्ला?" वेबसाइट झकास चाललीय की हो, असं तो मलाच विचारत होता. त्याच्या बाजूनं खरंच होतं. पण मुलगा गुणी. हलग्यांतून बाजूला झाला, पाच मिनिटांत पॅनेलचा लॉगिन पाठवला आणि म्हणाला, तुम्ही घाला, मी मोबाईलवर बघतो.

आता लिहायचं काय? इथं माझी एक जुनी खोड उपयोगी पडली. संगणकावर काही महत्त्वाचं केलं की मी त्याचा प्रिंट काढून फायलीत लावते. यावरून ऑफिसात चेष्टा होते. जानेवारीत मेल हलवला तेव्हा डीएनएसच्या पानाचा प्रिंट काढून 'डोमेन' लिहिलेल्या बॉक्स फाइलमध्ये ठेवला होता. तो निघाला. एमएक्सच्या तीन ओळी, त्यांच्यापुढं १०, २० आणि ५० असे आकडे. आकडा जितका लहान तितका मान आधीचा. पहिला सर्व्हर दाद देत नसेल तरच दुसऱ्याकडं जायचं. त्याखाली एसपीएफची टीएक्सटी ओळ. आणि त्याखाली डीकिमची ओळ, ती ए-फोरच्या उजव्या कडेला येऊन तुटलेली. अर्धी अक्षरं कागदाबाहेर.

एसपीएफ म्हणजे आमच्या नावानं मेल पाठवायची परवानगी कुणाकुणाला आहे त्याची यादी. डीकिम म्हणजे सहीचा नमुना. मेल सेवा प्रत्येक मेलवर एक छुपी सही करते, आणि घेणारा वहीतल्या नमुन्याशी ती ताडून बघतो. बँकेत सही जुळवतात तसं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहूनं याबाबत नियम कडक केले. जीमेलला मेल पाठवणाऱ्याकडं दोन्हींपैकी एक तरी हवंच, आणि दिवसाला पाच हजारांवर मेल धाडणाऱ्याकडं दोन्ही, शिवाय डीमार्क नावाची तिसरी ओळ. आम्ही दिवसाला चाळीस पाठवतो. तरीही या ओळी नसल्या की कोटेशन समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन बसतं. शनिवारपासून आमचे जाणारे मेल जात होते म्हणून कुणाला शंका आली नाही. त्यातली दोन कोटेशनं स्पॅममध्ये पडली होती, हे आठवड्यानं कळलं.

डीकिम मग मेल सेवेच्या पॅनेलमधून पुन्हा नकलून घेतली. चारशेच्या आसपास अक्षरांची ओळ, नजरेनं वाचायची सोयच नाही. नव्या पॅनेलनं ती घ्यायला नकार दिला. टीएक्सटीच्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात. काही पॅनेलं आपोआप तोडून घेतात, हे घेत नव्हतं. भाच्यानं सांगितल्याप्रमाणं मधे तोडून दोन तुकडे वेगवेगळ्या अवतरणचिन्हांत घातले, तेव्हा बसली.

मोठी चूक मात्र मी एमएक्समध्ये केली. पहिल्या रकान्यात 'नाव' असं विचारत होतं. नाव म्हणजे आमचं डोमेन, म्हणून मी ते पूर्ण टाइप केलं. पॅनेल त्याच्यामागं स्वतःहून डोमेन जोडतंय हे मला काय माहीत. सेव्ह झाल्यावर यादीत आमचं नाव दोनदा सलग दिसलं. बेलगाम, आणि त्याला लागून परत बेलगाम. म्हणजे मी अस्तित्वातच नसलेल्या एका पत्त्याची मेलची सोय लावून ठेवली होती. त्या रकान्यात नुसतं ॲट द रेटचं चिन्ह घालायचं, त्याचा अर्थ 'खुद्द हे डोमेन'. खोडून परत लिहिलं.

आता आलं की नाही बघायला काळी खिडकी उघडून एनएसलुकअप ही आज्ञा दिली. भाच्यानं ती सकाळीच शिकवली होती आणि मी दर पाच मिनिटांनी चालवत होते. उत्तर, एमएक्स नाही. पुन्हा चालवली, नाही. भाचा पुण्यातून म्हणाला, "मला तिन्ही दिसतायत." मला दिसेनात.

ही माझ्या उतावीळपणाची फळं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मधले सर्व्हर ठरावीक वेळ साठवून ठेवतात, त्या मुदतीला टीटीएल म्हणतात. सेकंदात लिहितात. आमच्या पॅनेलवर १४४०० होतं, भागिले ३६००, म्हणजे चार तास. 'नाही' हे उत्तरही असंच साठवलं जातं. ओळ घालण्याआधी मी इतक्यांदा विचारलं की आमच्या इंटरनेटवाल्याच्या सर्व्हरनं ते 'नाही' पाठ करून ठेवलं. भाच्याकडच्या सर्व्हरला कुणी विचारलंच नव्हतं, त्याला पहिल्याच फेरीत खरं उत्तर मिळालं. मग मी आज्ञेच्या शेवटी ८.८.८.८ लिहून गूगलच्या सर्व्हरला विचारलं, आणि तिन्ही ओळी समोर आल्या. १०, २०, ५०. जेवणाचा डबा तेव्हा उघडला, पावणेचार वाजले होते.

भाच्याचं म्हणणं, ही सगळी साठवासाठवी आहे म्हणूनच हे चालतं. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची आखणी केली, त्याआधी नेटवर्कवरच्या सगळ्या संगणकांची नावं एकाच फायलीत असत. ती कॅलिफोर्नियातली एक संस्था सांभाळायची, आणि बाकीच्यांनी तिच्या नकला करून घ्यायच्या. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे लगेच कळतं. एकच खातेवही, आणि सगळ्या शाखांनी रोज तिची प्रत आणायची. शाखा वाढल्या की मोडणारच.

सव्वाचारला नव्या ओळींवरून पहिला मेल आला. स्वस्तात एसएमएस पाठवून देतो अशी जाहिरात होती. इतकं प्रेमानं मी स्पॅम कधी वाचलं नव्हतं. शिरोलीचा मेल रात्री आला, त्यांच्याकडंही ते 'नाही' साठलं होतं. रजिस्ट्रारचा ओटीपी मंगळवारी आल्यावर आधी त्या खात्याचा आयडी बदलून काकांचा जीमेल घातला, मगच दुसरं काम.

प्रकरण इथं संपलं असतं. तीन आठवड्यांनी हुबळीच्या एका गिऱ्हाइकानं फोनवर विचारलं, "वेबसाइटवरचा फॉर्म दोनदा भरला, उत्तर का नाही?" फॉर्मवरून एकही मेल आला नव्हता. आम्ही समजत होतो, पावसाळ्यात चौकशी कमीच असते. बाहेरचे सगळे मेल येतात आणि आमच्याच वेबसाइटचा तेवढा येत नाही, हे माझ्या डोक्यात शिरेना. भाचाही थोडा वेळ गप्प होता. मग त्यानं होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ईमेल राउटिंग नावाचा भाग उघडायला सांगितला. तिथं 'लोकल' निवडलेलं होतं. म्हणजे त्या सर्व्हरचा समज असा की या डोमेनचा मेल माझ्याकडंच उतरतो. त्यामुळं फॉर्मचा मेल पाठवताना तो एमएक्स बघतच नव्हता. आपल्याच घरात पेटी शोधायचा, ती नसायची, मेल टाकून द्यायचा. ते 'रिमोट' केलं आणि फॉर्म सुरू झाला. तीन आठवड्यांतल्या किती चौकश्या गेल्या याचा हिशोब नाही. हिशोब ठेवणाऱ्या माणसाला याचं जास्त लागतं.

तरी फॉर्मचे मेल स्पॅममध्ये पडत होते. कारण मजेशीर निघालं. गोकाकच्या मुलानं मदत म्हणून वेबसाइटच्या सर्व्हरला परवानगी देणारी एसपीएफची आणखी एक ओळ घातली होती. माझी एक, त्याची एक. एका नावाला एसपीएफ एकच चालतो. दोन दिसले की घेणारा दोन्ही बाद धरतो. दोन्ही परवानग्या एका ओळीत घालून दुसरी खोडली. त्या ओळीतून दुसरीकडं बोट दाखवायलाही मर्यादा आहे, दहाच्या वर शोध लागले की तीही बाद. आम्ही दोनवर आहोत.

काकांनी नंतर नव्या स्पेलिंगचंही डोमेन घेऊन ठेवलं, दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून. त्यावर ना वेबसाइट ना मेल. पण तिथंही मी एक एसपीएफ घातलाय, या नावानं मेल पाठवायची परवानगी कुणालाच नाही असा. रिकामं घर दिसलं की कुणीतरी शिरतंच.

प्रिंट आता मी आडवा काढते, म्हणजे डीकिम तुटत नाही. बॉक्स फाइलमध्ये तारीख घालून तीन पानं आहेत, जानेवारीचं, त्या सोमवारचं आणि फॉर्म दुरुस्त केला त्या दिवसाचं. ऑफिसात चेष्टा थांबलेली नाही.

गेल्या आठवड्यात गोकाकहून फोन आला. होस्टिंग वेगवान करायचं म्हणत होता. "मॅडम, नेमसर्व्हर चेंज माडबेकु री." नेमसर्व्हर बदलायला हवेत हो.

मी ड्रॉवर उघडून फाइल बाहेर काढली आणि म्हटलं, "मोदलु लिस्ट कळसु." आधी यादी पाठव.